वेळापत्रकवाल्या बाईंचा हेवा

त्या मुलींच्या शाळेत सत्तावीस शिक्षक होते आणि त्यातले सव्वीस जण एकाच बाईंना वचकून असत. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना नव्हे. त्यांच्याकडे रजा मागितली की त्या देऊन टाकत. वचक होता गणिताच्या बाईंचा, कारण शाळेचं वेळापत्रक त्या करत. एकोणीस वर्षं त्यांनीच केलं. अठरा तुकड्या, रोजचे आठ तास, एक प्रयोगशाळा, एक मैदान, कुणाचं लहान मूल म्हणून पहिला तास नको, कुणाचा गुडघा म्हणून वरचा मजला नको. आणि चित्रकलेच्या बाई तर दोन शाळांत शिकवायच्या. त्या मंगळवारी दिवसभर आणि शुक्रवारी फक्त मधल्या सुट्टीनंतर मिळायच्या. हे सगळं गणिताच्या बाई डोक्यात धरून बसत, दोन दिवस कुणाशी बोलत नसत, आणि तिसऱ्या दिवशी एका मोठ्या कागदावर सरळ शाईने उतरवून काढत. खाडाखोड नाही. शाळेत त्यांना वेळापत्रकवाल्या बाईच म्हणत. घरी आणि नात्यात त्या ताई होत्या, आपणही ताईच म्हणू.

कुणी जिन्यात गाठून म्हणायचं, "बाई, शनिवारचा शेवटचा तास तेवढा मोकळा मिळाला तर..." ताई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "बघते." त्या एका शब्दात जी गोडी होती ती त्यांना दुसऱ्या कशात सापडली नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, शांत माणूस. तो म्हणायचा, "अगं, घरी तरी 'हो' किंवा 'नाही' म्हण."

याच शाळेत ताईंची सख्खी धाकटी बहीण पीटी शिकवायची. ताईंहून सात वर्षांनी लहान. लहानपणापासून एका जागी बसायची नाही म्हणून वडिलांनी तिचं नाव भिंगरी पाडलं, ते चिकटलं ते चिकटलंच. लांब उडीत तिने पदकं मिळवली होती, त्यांच्या जोरावर नोकरी मिळाली होती. पण पाहुण्यांसमोर वडील म्हणायचे, "थोरली डोक्याने चालते, धाकटी नुसतीच चालते." पाहुणे हसायचे. भिंगरीही हसायची. ताई हसायच्या नाहीत, पण त्यांना ते ऐकायला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय हे त्यांना ठाऊक असायचं.

वेळापत्रकात पीटीचे तास सगळ्यात शेवटी भरले जायचे, डब्यात उरलेल्या जागेत लिंबाची फोड कोंबावी तसे. परीक्षा जवळ आली की ताई ते तासही गणिताला घ्यायच्या. भिंगरी शिट्टी गळ्यात घालून वर्गाच्या दाराशी यायची, ताईंना फळ्याशी बघायची आणि म्हणायची, "बरं, घे." एकोणीस वर्षांत तिने वाद घातला नाही.

पन्नासाव्या वर्षी ताईंच्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग केमोचे सहा डोस. त्या दिवसांबद्दल ताई फारसं बोलत नसत आणि आपणही फार बोलायला नको. भिंगरी दर डोसाला सोबत जायची. शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ताईंचा पाचवा डोस होता, म्हणून मोठ्या बाईंनी विचारलं, "वेळापत्रकाचं काय?" कुणीच पुढे येईना. शेवटी भिंगरी म्हणाली, "मी बघते."

तिने ते डोक्यात केलं नाही. रंगीत कार्डशीट कापून चिठ्ठ्या केल्या, प्रत्येक शिक्षकाला एक रंग. खेळाच्या खोलीत फरशीवर खडूने चौकटी आखल्या, आडव्या ओळीत तुकडी, उभ्या ओळीत तास, आणि गुडघ्यांवर रांगत चिठ्ठ्या मांडल्या. एका उभ्या ओळीत एकच रंग दोनदा दिसला की समजायचं, ती बाई एकाच वेळी दोन वर्गांत आहे. इतकं सोपं. चार दिवस लागले, पण वेळापत्रक चाललं. वर्षभर चाललं. पीटीचे तास सकाळच्या उन्हात आले, आणि शिक्षकही खूश होते, कारण ज्याला काही हवं असेल तो खोलीत येऊन फरशीवर बोट दाखवून सांगू शकत होता. हसतखेळत काम झालं होतं.

ताई उपचार संपवून शाळेत परत आल्या तेव्हा केस बोटभर आले होते. सगळे म्हणाले, "बऱ्या दिसता." आणि मग प्रत्येकजण त्याच दमात म्हणाला, "तुमच्या बहिणीने वेळापत्रक काय छान केलं." ताई म्हणाल्या, "हो का." घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "फरशीवर रांगून वेळापत्रक करतात का कधी?" तो म्हणाला, "झालं ना पण?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. डोकं चालत नव्हतं. फळ्यावर उदाहरण सोडवताना अर्ध्यात हातचा कुठे गेला ते कळेना. नववीच्या मुलींची नावं ओठांपर्यंत येऊन परत जात. कपाट उघडून त्या उभ्या राहत, कशासाठी उघडलं ते आठवेना. घरात एकदा चाळणी मागायची होती तर त्या नवऱ्याला "ते भोकांचं" एवढंच म्हणू शकल्या. कापूस ठासून भरलेल्या उशीत विचार शोधावा तसं व्हायचं. आणि भिंगरी शेजारून दोन-दोन पायऱ्या चढत जायची, जाता जाता पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलींना नावाने हाक मारत. कधी नाही ते ताई त्या हाका मोजायला लागल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी वेळापत्रक हट्टाने परत मागून घेतलं. मोठ्या बाईंनी दिलंही. दोन दिवसांच्या जागी नऊ दिवस लागले. कागद फाटेपर्यंत खोडलं. शाळा सुरू झाली त्या सोमवारी इतिहासाच्या सरांचे एकाच वेळी दोन वर्ग निघाले, प्रयोगशाळेत दोन तुकड्या दारातच एकमेकींना भिडल्या, आणि आठवी ब मध्ये कुणीच आलं नाही. मोठ्या बाईंनी ताईंना खोलीत बोलावलं, पाणी दिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही विश्रांती घ्या. तुमची बहीण आहे की." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

भिंगरीने दोन दिवसांत सगळं सरळ केलं. वर ताईंना म्हणाली, "होतं गं ताई असं." ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या महिन्यातल्या तपासणीत त्यांनी डॉक्टरांना पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यांना वाटत होतं की आजार आता डोक्यात शिरलाय, किंवा वेड लागतंय. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, आधी काही चाचण्या केल्या आणि मग सांगितलं, "तसं काही नाही. केमोनंतर हे पुष्कळांना होतं. काहींचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं."

"गोळी द्या काहीतरी."

"खात्रीची गोळी माझ्याकडे नाही. व्यायाम सुचवीन. नेमाने, दम लागेल असा. बऱ्याच जणांना त्याने झोप सुधारते, थकवा कमी होतो, डोकंही थोडं मोकळं होतं असं दिसतंय. सगळ्यांना सारखा फायदा होतो असं मी म्हणणार नाही. अभ्यास चालू आहेत."

"व्यायाम," ताई म्हणाल्या, कुणीतरी त्यांना पाचवीत बसायला सांगितलं असावं अशा आवाजात.

"इथेच वर्ग आहे. आठवड्यातून तीन सकाळी, बारा आठवडे. बाकीच्या दिवशी घरी चालायचं."

जगात इतकी औषधं, आणि त्यांच्या वाट्याला यावं ते नेमकं हेच. धाकटीचं. जे तास त्यांनी एकोणीस वर्षं उरल्यासुरल्या जागेत कोंबले, ते आता गरजवंतासारखे मागून घ्यायचे. ताईंनी नवऱ्याला बजावलं, "भिंगरीला कळता कामा नये." त्याने भिंगं घासावीत तसा तो विषय गुळगुळीत करून सोडून दिला.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर लांबट खोली होती, जागेवरच फिरवायच्या चार सायकली, दोन ट्रेडमिल, रबरी पट्टे आणि लहान वजनं. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती सांगायची, "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. तेवढा वेग धरा." पहिल्या दिवशी ताईंना सहा मिनिटांत बोलणंही जमेना. शेजारच्या सायकलवर एक केस कापणारी बाई होती, तिचंही तेच दुखणं. ती म्हणाली, "मी एका गिऱ्हाइकाचे डाव्या बाजूचे केस कापले, चहा प्यायले, आणि परत येऊन पुन्हा डावीच बाजू कापायला घेतली. तिनेच आरशात हात दाखवला." सगळे हसले. ताईही हसल्या, त्या वर्षातलं बहुधा पहिलंच हसू.

पण पाचव्या आठवड्यात तीच बाई सांगू लागली, "आता मला बाजू लक्षात राहते. काल चार गिऱ्हाइकं झाली." ताईंचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्यांना काहीच फरक नव्हता. त्यांनी तिच्या सायकलवरचा आकडा चोरून बघितला. तो त्यांच्या आकड्याच्या दुप्पट होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मधली सायकल सोडली आणि कोपऱ्यातली धरली. हेवा असा की त्याला एक माणूस पुरेना. रस्त्यात पाव किलो, अर्धा किलो असा तोंडी हिशोब करणाऱ्या भाजीवालीचाही त्यांना हेवा वाटे. वर्तमानपत्रातलं कोडं पेनाने भरणाऱ्या शेजाऱ्याचा वाटे. आणि सगळ्यांत वर भिंगरी, जिचं शरीर तर धड होतंच, आता डोकंही धड निघालं होतं.

तरी त्यांनी वर्ग बुडवला नाही. याचं श्रेय त्यांच्या सद्गुणाला देता येणार नाही. मागे पडल्याचं कुणाला दिसू नये, एवढंच त्यामागे होतं. बारा आठवडे संपले तशी त्या रोज सकाळी नदीकाठच्या रस्त्याने चालू लागल्या. बूट पिशवीत, तपासायच्या वह्यांच्या खाली. शाळेच्या फाटकाआधीच्या वळणावर बूट काढायचे, चपला घालायच्या. आधी झोप सुधारली. मग दुपारी डोकं टेकून पडायची गरज संपली. एकदा दुकानात त्या यादी न काढता सात वस्तू घेऊन आल्या, आणि कुणाला सांगावं तर सांगण्याजोगं काय होतं त्यात? फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "चालण्याने होतंय की काळाने, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही चालू ठेवा."

असं वर्ष होत आलं. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते. शिक्षक वर्ग लावायला येत होते आणि भिंगरीने फरशीवर चिठ्ठ्या मांडून संपवल्या होत्या. दुपारी ताई वह्यांचा गठ्ठा घेऊन खेळाच्या खोलीवरून जात होत्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. भाषेच्या बाई आणि विज्ञानाच्या बाई मॅटवर पाय पसरून चहा पीत होत्या. विज्ञानाच्या बाई म्हणत होत्या, "खरं सांगू? पूर्वी वेळापत्रक म्हटलं की पोटात गोळा यायचा. आता कसं घरचं काम वाटतं." भिंगरी म्हणाली, "ताईचं डोकं वेगळं होतं हो. मी आपली चिठ्ठ्यांवर."

होतं. ताईंनी तो भूतकाळ दारातून ऐकला.

दोघीजणी कप ठेवून निघून गेल्या. भिंगरी बाहेर आली, ताईंना बघून म्हणाली, "ये ना, बघ तरी. तपासून झालंय सगळं. मी मोठा कागद घेऊन येते, संध्याकाळपर्यंत उतरवून टाकते." आणि ती जिन्यावरून धावत गेली.

ताई आत गेल्या. खोलीत रबराचा आणि चुन्याचा वास होता. फरशीभर रंग पसरले होते, आणि त्या रंगांमध्ये एकही चूक नव्हती. त्यांनी उभ्या ओळी बघितल्या. एकही रंग दोनदा नव्हता. मग त्यांची नजर शुक्रवारवर गेली. सातवी अ, दुसरा तास विज्ञान, सहावा तास चित्रकला. चित्रकलेच्या बाई शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर येतात, म्हणून सहावा. या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तर चित्रकला दुसऱ्या तासाला जाईल, आणि तेव्हा त्या बाई दुसऱ्या शाळेत असतील. पण विज्ञानाच्या बाई सहाव्या तासाला नववी क वर आहेत, तिथे रंग दोनदा दिसेल आणि भिंगरी पकडेल. मग नववी क चं विज्ञान दुसऱ्या तासाला न्यायचं. तिथे भाषा आहे. भाषेच्या बाई सहाव्या तासाला मोकळ्या आहेत. त्यांना सहाव्याला टाकायचं. चार चिठ्ठ्या. कुठल्याही ओळीत रंग दोनदा येणार नाही. बघणाऱ्याला काही दिसणार नाही.

त्या वाकल्या आणि चारही चिठ्ठ्या हलवल्या. मग गठ्ठा उचलून बाहेर पडल्या.

पाण्याच्या नळापाशी पोचल्यावर त्यांचे पाय थांबले. दोन तुकड्या, तीन शिक्षक, दोन तास आणि चित्रकलेच्या बाईंची दुसरी शाळा, हे सगळं त्यांनी आत्ता एकाच वेळी डोक्यात धरलं होतं. कागद नाही, पेन्सिल नाही. काहीही सुटलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नळ सोडून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, कुणी बघितलं तर निमित्त असावं म्हणून. आनंद इतका की ओरडून सांगावं, आणि सांगायला तोंड नाही. कारण पहिला प्रश्न येणार, कशावरून कळलं?

परत जाऊन चिठ्ठ्या नीट ठेवायला पाच मिनिटं पुरली असती. भिंगरी अजून वरच होती. ताई परत गेल्या नाहीत. सोमवारी सांगू, असं मनाशी म्हणाल्या. मग मंगळवारी. गुरुवारी भिंगरी डब्यातला अर्धा वाटा त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली, "यंदा अजून एकही तक्रार नाही." ताईंनी घास गिळला.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला सातवी अ मध्ये कुणीच गेलं नाही. दहा मिनिटांत त्या वर्गाचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. मोठ्या बाई आल्या, वेळापत्रक मागवलं. भिंगरी मैदानावरून धावत आली, शिट्टी गळ्यात, धाप नाही. कागद बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"चित्रकलेच्या बाई तर..." ती म्हणाली. "माझी चूक. शुक्रवार मी नीट बघितला नाही."

चार-पाच शिक्षक दारात जमले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "पीटीच्या बाईंना हे काम दिलं, तिथे मीच चुकले."

हे वाक्य ऐकायला ताई दोन वर्षं तरसल्या होत्या. खोटं कशाला सांगा, ते त्यांना गोड लागलं. चांगले दोन-चार क्षण गोड लागलं. मग त्यांचं लक्ष भिंगरीच्या हातांकडे गेलं. ती बोटांवर मोजत होती, शुक्रवार, पहिला, दुसरा, आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्या बोटावर येत होती. आपल्या डोक्यावरचा विश्वास उडालेला माणूस कसा मोजतो, हे त्या शाळेत फक्त एकीलाच ठाऊक होतं.

"हा तास मी घेते," ताई म्हणाल्या आणि वर्गात शिरल्या. काय शिकवलं ते त्यांना नंतर सांगता आलं नाही.

घंटा झाल्यावर त्या खेळाच्या खोलीत गेल्या. भिंगरी फरशीवर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मांडत होती.

"शुक्रवारच्या चिठ्ठ्या मी हलवल्या," ताई म्हणाल्या.

भिंगरीने वर बघितलं नाही. "कधी?"

"तू कागद आणायला गेलीस तेव्हा."

"कुठल्या?"

ताईंनी चारही सांगितल्या. भिंगरीने एकेक चिठ्ठी मूळ जागी ठेवून बघितली.

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती."

"मघापासून मला वाटतंय, बाबा म्हणायचे तेच खरं," ती म्हणाली. मग उठली, गुडघ्यांवरचा खडू झटकला आणि बहिणीच्या अंगावरून बाहेर निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर ताईंना उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता.

ताईंनी मोठ्या बाईंना त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. वाक्य घरून ठरवून आणलं होतं. "शुक्रवारची चूक माझ्या बहिणीची नाही. मी मुद्दाम केली. त्याचं कारण..." आणि तिथे ठरवलेला शब्द गेला. मत्सर म्हणायचं होतं. तो कुठेच सापडेना. सव्वीस माणसं वाट बघत होती, त्यात भिंगरीही. शेवटी ताई म्हणाल्या, "तिचं चांगलं चाललेलं मला बघवलं नाही." आणि खाली बसल्या. इतिहासाच्या सरांनी उगाच खिडकी उघडली.

मोठ्या बाईंनी निर्णय दिला. पुढच्या वर्षापासून वेळापत्रक दोघींनी करायचं, खाली दोघींच्या सह्या पाहिजेत. ते जमतं की नाही, तो दोघींचा प्रश्न.

भिंगरी अकरा दिवस बोलली नाही. डबा खेळाच्या खोलीत खाल्ला. एका क्षणी ताईंना वाटायचं, केमोला सोबत आली होती ही, आणि मी काय केलं. आणि दुसऱ्या क्षणी ती जिन्यावरून धावत जाताना दिसली की त्या पुन्हा तिच्या हाका मोजायला लागायच्याच. कबुली दिली म्हणून हेवा गेला, असं झालं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी ताईंनी वळणावर बूट काढले नाहीत. तसेच घालून मैदानावर आल्या आणि कडेकडेने चालू लागल्या. भिंगरी लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करत होती. ताईंच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला खड्ड्यातून आवाज आला.

"हात हलवत नाहीस तू. काखेत पर्स धरल्यासारखी चालतेस."

ताईंनी हात हलवला.

"त्या बाजूचा हात शस्त्रक्रियेनंतर आखडलाय. तो मोकळा करायचे वेगळे प्रकार असतात, त्यांनी शिकवले असतील ना?"

"शिकवले. कंटाळा केला." ताई थांबल्या. "तुला कसं माहीत मी व्यायाम करते ते?"

"बूट मी पहिल्याच आठवड्यात बघितले. वह्यांच्या खाली कुणी बूट ठेवतं का? तळ झिजतोय की नाही, तेवढं बघत होते मधून मधून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस. तूच का नाही सांगितलंस?"

ताईंनी उत्तर शोधलं, आणि या वेळी ते सापडलं. "तुझ्याकडून शिकायला लागेल अशी एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच मला हवी होती. ते सोसेना."

भिंगरीने वाळूवरून फावडं फिरवलं. "चिठ्ठ्यांचं मी विसरणार नाही," ती म्हणाली. "चाल आता. उभी राहू नकोस, अंग थंड होतं."

त्यानंतर ताईंचं डोकं किती परत आलं? त्या स्वतः म्हणतात, रुपयात बारा आणे. नावं अजून निसटतात. खिशात छोटी वही असते. आजारपणात दुसऱ्यांकडे गेलेलं दहावीचं गणित दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे आलं, आणि फळ्यावर हातचा आता कोपऱ्यात लिहून ठेवतात, तसा लिहायला मुलींनाही सांगतात. केस कापणाऱ्या त्या बाईकडे त्या केस कापायला जातात, तिने दोन्ही बाजू सारख्या कापल्या की नाही ते आरशात बघून घेतात आणि मग दोघी हसतात. भिंगरी प्रौढांच्या स्पर्धेत लांब उडीत पहिली आली, तेव्हा शाळेत नव्याने लागलेल्या एका शिक्षिकेने ताईंना विचारलं, "तुम्ही पीटीच्या बाईंच्या बहीण ना?" ताई "हो" म्हणाल्या. दिवसभर ते त्यांना टोचत राहिलं.

वेळापत्रक दोघी मिळून करतात. धाकटी चिठ्ठ्या मांडते, थोरली खुर्चीवर बसून बघते. पहिल्या वर्षी पीटीच्या तासांवरून दोघींची इतकी जुंपली की मोठ्या बाई दार लोटून घेऊन निघून गेल्या. तीन तास ताईंनी सोडले, एक भिंगरीने. मग बुधवारच्या पाचव्या तासाला गाठ पडली. भिंगरीने अर्धा तास चिठ्ठ्या इकडून तिकडे नेल्या, सुटेना. ताई डोळे मिटून बसल्या होत्या.

"सहावी ब चा इतिहास सोमवारी ने," त्या म्हणाल्या. "दहावी अ चा इतिहास त्या तासाला. बाकीचं आपोआप बसेल."

भिंगरीने तसं केलं. बसलं. ती टाचांवर मागे रेलून बघत राहिली.

"कसं काढलंस? मला शिकव ना."

"नाही शिकवणार."

"का?"

"तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

भिंगरीने विचार केला. "राहू दे," ती म्हणाली. "पण उद्यापासून तुला जिने. खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत, चार वेळा. नुसतं सपाटीवर चालून आता तुला दम लागत नाही."

"बघते," ताई म्हणाल्या.

"बघते नाही. साडेसातला ये."